शेवंता सिस्टरची चुंबळ

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत शेवंता सिस्टरवर चार ओळी आल्या आहेत. 'शांत, सोशिक व प्रेमळ स्वभावाच्या शेवंताताई आपल्यातून गेल्या' ही पहिली ओळ. ती वाचली आणि स्मरणिका मिटून रेडिएटरवर ठेवून दिली. प्रेमळ म्हणा, चालेल. पण शांत? सोशिक? ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं सिस्टरला पाहिलं होतं, की नुसतं त्यांच्या हातचं थालीपीठ खाल्लं होतं?

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "बापू, गेलेल्या माणसाबद्दल असंच लिहितात."

"गेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहितात होय?"

"मग तुम्हीच लिहा की," म्हणाले.

त्यांना वाटलं, म्हातारा चौथीतून शाळा सोडलेला, जन्म फौंड्रीत वाळू कुटण्यात गेला, हा काय लिहिणार. तर हे लिहिलं. शुद्धलेखन कुणाकडून तपासून घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. स्मरणिकेत छापायचं नसेल तर छापू नका. मी झेरॉक्स काढून घरोघर टाकेन.

इथं विलायतेत, कॉव्हेंट्रीत सिस्टर माझ्यापासून तीन दारं सोडून राहायच्या. उंची बेताची, अंबाडा घट्ट, अंगावर सुती साडी, वर पुरुषी कार्डिगन आणि पायात पळायचे बूट. छातीशी पदराला नर्सचं घड्याळ टांगलेलं. हे घड्याळ उलटं लटकतं, म्हणजे घालणारीनं मान खाली घातली की तिला ते सुलटं दिसतं आणि समोरच्याला उलटं. हॉस्पिटल सोडून किती वर्षं झाली तरी ते घड्याळ काही उतरलं नाही. बोलता बोलता त्या समोरच्याचं मनगट धरायच्या आणि मान खाली घालायच्या. समोरचा आपला बोलतोय, यांचं मोजणं चालू. मग हात सोडून म्हणायच्या, "जिना चढताना धाप लागते ना? मग बोलला का नाही?" मला त्यांनी असं रस्त्यात धरलंय, भाजीच्या दुकानात धरलंय, एकदा तर दुसऱ्याच्या मयताला गेलो होतो तिथं धरलंय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काहीही ठरवायला लागलं की विचारायच्या, "ओझं कुणाच्या डोक्यावर?" बस, एवढंच. एका वर्षी मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, गणपतीला दोनशे माणसांचं जेवण करू, बाहेरून मागवायचं नाही, घरचं हवं. टाळ्या पडल्या. सिस्टर मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "ओझं कुणाच्या डोक्यावर?" अध्यक्ष हसून म्हणाले, "महिला विभाग समर्थ आहे."

गणपतीच्या दिवशी सकाळी हॉलच्या किचनच्या दारात सिस्टर उभ्या. एकाही बाईला आत सोडेनात. तीन डॉक्टर, दोन पुण्याची सॉफ्टवेअरवाली मंडळी आणि मी, असे सहा जण आत घातले आणि पुढ्यात पीठ ठेवलं. अध्यक्ष स्वतः सर्जन. म्हणाले, "सिस्टर, मला पुऱ्या येत नाहीत."

"हात थरथरतो का तुमचा?"

"नाही."

"माणूस कापता ना? मग गोल लाटायला काय झालं? लाटा."

दोनशे माणसांनी त्या दिवशी नकाशासारख्या पुऱ्या खाल्ल्या. पुढच्या वर्षीपासून जेवण बाहेरून यायला लागलं.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, बसस्टॉपवर. नव्या आल्या होत्या तेव्हा वॉर्डात एक गोरा म्हातारा होता. तो म्हणाला, ही मला हात लावणार नाही, दुसरी पाठवा. दुसरी मोकळी नव्हती. सिस्टर म्हणाल्या, ठीक आहे. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्याच्या खाटेशी उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याला लघवीला लागली होती. हा दात खाऊन पडलेला, या छताकडे बघत उभ्या. शेवटी तो म्हणाला, "प्लीज." यांनी विचारलं, "प्लीज काय?" तो म्हणाला, "प्लीज, सिस्टर." मग हात सोडले.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हात लावू नको हे आमच्या गावात लहानपणापासून ऐकलं होतं, बापू. इथं इंग्रजीतून ऐकलं, एवढाच फरक. तेव्हा मी लहान होते, गप्प बसले. आता कशाला बसू?"

आता त्या बागेकडे येतो, कारण सिस्टर म्हणजे काय ते तिथं कळलं.

मंडळाची दर उन्हाळ्यात एक सहल निघते. एका वर्षी ब्रिस्टलच्या वाटेवरचा एक महाल बघायला नेलं. महालाचं नाव मी लिहीत नाही. महालवाल्यांनी ते फाटकावर, चहाच्या कपावर आणि साबणाच्या वडीवरसुद्धा लिहून ठेवलंय, माझ्या मदतीची गरज नाही. महाल सरदारी थाटाचा. मागं बाग, ती अशी की जणू कुणी फूटपट्टी घेऊन देवाला शिकवायला बसलंय. सरळ रस्ते, सरळ पाण्याचा पाट, झाडं कापून कोन आणि गोळे केलेले. आणि जिकडंतिकडं पुतळे. पण साधे राजाराणीचे नाहीत. चार माकडं, एक सारंगी वाजवतंय, एक ढोल, एक नुसतं तोंड वासून गातंय, एक आरशात बघतंय. एक बाई, छातीपर्यंत बाई आणि खाली सिंहीण, पण केस असे विंचरलेले की आत्ता लग्नाला निघाली. एक बकऱ्याच्या पायाचा म्हातारा. एक गुबगुबीत पोर माशावर बसलेलं, त्याच्या तोंडातून पाणी.

आमच्या बायकांची करमणूक झाली. "अगं, हे माकड बघ, अगदी आमच्या सासऱ्यांसारखं गातंय." गाइड सांगत होती, हे दगडाचे नाहीत, शिशाचे ओतीव आहेत, दगडासारखे दिसावेत म्हणून रंगवलेत, तीनशे वर्षांचे आहेत. मी पुढं झालो. ओतकाम म्हटलं की माझा हात राहत नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीत शिकलो, इथं कॉव्हेंट्रीत हाडं झिजवली. माकडाला टिचकी मारली. आत पोकळ. काम चोख होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या मोल्डरला मी मनातल्या मनात रामराम केला.

महालाच्या मागच्या दारासमोर, सगळे रस्ते जिथं मिळतात तिथं, आणखी एक पुतळा होता. गुडघा टेकून बसलेला काळा माणूस. कमरेला पिसांचा घागरा, बाकी उघडा. दोन्ही हात वर आणि डोक्यावर परातीएवढी तबकडी. ती उन्हाचं घड्याळ. तिच्यावर सावली पडते आणि लोक वेळ बघतात. पाटीवर लिहिलं होतं, हा आफ्रिकेतला किंवा हिंदुस्थानातला. कुठला ते कुणी विचारलेलंच नव्हतं.

मंडळी त्याच्यापाशी फोटो काढायला लागली. कुणी आपल्या घड्याळाशी सावली जुळवून बघितली. "एक तास मागं आहे बघ," "अरे, तो विंटर टाइमवर आहे, उन्हाळ्यात आपण काटे पुढं केले, त्यानं नाही." हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्या पुतळ्याच्या मागं गेल्या आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, बोटांनी एकेक मणका चाचपत खाली आल्या, पेशंटचा चाचपतात तसा.

"मान दबलीय," म्हणाल्या.

मीही बघितलं. खरंच होतं. शिसं मऊ असतं, स्वतःचं वजन त्याला जन्मभर पेलत नाही. म्हणून आत लोखंडाची सळई घालतात. सळई गंजली, फुगली की शिसं तडकतं. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला केसासारखी चीर होती आणि डोकं दोन बोटं खांद्यात गेलं होतं. मी शहाणपणा केला. म्हटलं, "सिस्टर, खरं बघायला गेलं तर त्याच्या डोक्यावर वजन नाहीच. वजन सळईवर आहे."

"सळई तुम्हाला दिसते. येणाऱ्याजाणाऱ्याला काय दिसतं?"



त्यांनी पिशवीतून डबा काढला. डब्याला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं होतं. ते सोडलं, पिळा दिला, गोल वळवलं, टोक आत खोचलं. चुंबळ झाली. बाई डोक्यावर हंडा घेते तेव्हा खाली ठेवते ती. इतकी झटकन केली की हाताला अजून सवय होती हे कळलं. पण तबकडी काही उचलत नव्हती, मग त्यांनी चुंबळ उलगडून त्याच्या डोक्याभोवती, तबकडीच्या अगदी खाली, घट्ट गुंडाळली.

निळ्या कोटातला एक राखणदार धावत आला. "मॅडम, पुतळ्यांना हात लावायचा नाही."

सिस्टर म्हणाल्या, "तीनशे वर्षं डोक्यावर वजन आहे आणि खाली पॅडिंग नाही. दाबानं जखम होते, प्रेशर सोअर. कुठल्याही नर्सला विचारा."

"मॅडम, तो पुतळा आहे."

"दिसतंय मला. तो पुतळा आहे म्हणून तर चुंबळीवर भागवतेय. माणूस असता तर तुम्हाला कोर्टात नेलं असतं."

बस सुटायच्या आत चुंबळ निघाली असणार, हे आम्हाला माहीत होतं. परतीच्या वाटेत अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, आपण इथं पाहुणे आहोत." सिस्टर खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं यांची ढुंगणं पुसलीत, डॉक्टर. पाहुणे तुम्ही असाल."

मग मला हळूच सांगितलं. त्यांची आई धरणाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. मुकादम घाई करायचा, चुंबळ नीट बांधायला वेळ देत नसे. आईच्या टाळूवर वाटीएवढी जागा होती तिथं केस कधी उगवले नाहीत. "मी तिला विंचरायची ना," म्हणाल्या, "फणी त्या जागी आली की आपोआप थांबायची."

पुढं दर वर्षी सिस्टर त्या बागेत जायला लागल्या. मंडळाची सहल दुसरीकडं गेली तर एकट्या, ट्रेन बदलून, बस बदलून. सोबत मी, कारण पिशवी धरायला कुणीतरी लागतं. दर वर्षी नवी चुंबळ, घरी शिवून नेलेली. एकदा इरकली काठाची, एकदा त्यांच्या जुन्या युनिफॉर्मची. दर वर्षी ती काढली जायची. ती काढायचं काम हेड गार्डनरचं होतं, त्याचं नाव कॉलिन. लाल नाकाचा, कमी बोलणारा माणूस. तिसऱ्या वर्षी तो आम्हाला बघून घड्याळ बघत म्हणाला, "मी चहा पिऊन येतो. वीस मिनिटं लागतात मला." आणि मुद्दाम पाठ फिरवून गेला.

चौथ्या वर्षी सिस्टरनी चूक केली. चूक म्हणजे चूकच, मी झाकणार नाही. त्यांना वाटलं, चुंबळ देतो पण टाळूला तेल कधी लागलं नाही. घरून खोबरेल नेलं आणि त्याच्या डोक्यावर वाटीभर जिरवलं, कानशिलांवरून, मानेवरून, चोळून चोळून. मी फौंड्रीचा माणूस, मला कळायला पाहिजे होतं. पण मलाही ते बघून बरं वाटलं हो, मी काय सांगू. तेलानं जुना रंग सुटला. आठ दिवसांत डोक्याला खवले धरले आणि वर धूळ बसून काळे ओघळ आले.

पत्र आलं. महाल सांभाळणाऱ्या संस्थेचं, शिक्क्याचं. वर्षभर बागेत यायला बंदी.

मंडळात चर्चा झाली. आपली नाचक्की झाली, माफी मागा, असं ठरलं. सिस्टरनी माफीचं पत्र लिहिलं, पिवळ्या पॅडवर, खाली कार्बन घालून. मला वाचून दाखवलं. "तेल लावणं चुकलं. शिशाला तेल चालत नाही हे मला माहीत नव्हतं, त्याबद्दल माफी मागते. चुंबळीबद्दल मागत नाही." एवढंच. त्या वर्षीची चुंबळ घेऊन मी एकटा गेलो. मला बंदी नव्हती. गाठ सैलच राहिली, मला बायकांसारखी बांधता येत नाही. कॉलिन लांबून बघत होता. आला, माझी सैल गाठ सोडली आणि त्यानंच घट्ट करून दिली.

बंदी उठली त्याच वर्षी नवी बातमी. पुतळ्याबद्दल बाहेरूनही तक्रारी येत होत्या, की असा गुडघ्यावर बसवलेला काळा माणूस आजच्या काळात बरा दिसत नाही. संस्थेनं ठरवलं, तो हलवायचा आणि भांडारात ठेवायचा. त्याआधी लोकांचं मत घ्यायला सभा. आम्हाला वाटलं सिस्टर खूश होतील. त्या म्हणाल्या, "बापू, शर्ट इस्त्री करा. जायचंय."

सभा काचघरात होती. पूर्वी थंडीत संत्र्याची झाडं ठेवायचे, आता तिथं चहा मिळतो. साठसत्तर माणसं. समोर व्यवस्थापक, मिस हॅरिएट, तरुण, चांगली मुलगी, फार जपून बोलणारी. ती म्हणाली, या पुतळ्यामुळं लोकांना वेदना होतात, म्हणून तो सन्मानानं आत ठेवावा. पुढच्या रांगेतला काठीवाला म्हातारा उठला. म्हणाला, हा आमचा इतिहास आहे, तीनशे वर्षं तो तिथं बसलाय, तसाच बसेल. मग अर्धे इकडून, अर्धे तिकडून, अर्धा तास.

सिस्टर उठल्या. त्यांचं इंग्रजी वॉर्डातलं, तुटक आणि खणखणीत. मी मराठीत लिहितो.

"तुम्ही दोघं भांडताय, पण बोलताय एकच. हे गृहस्थ म्हणतात, त्याला ओझ्यासकट उन्हात ठेवा. मिस हॅरिएट म्हणतात, ओझ्यासकट अंधारात ठेवा. ओझ्याबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या वॉर्डात पेशंटला भारानं जखम झाली की आम्ही वर चादर ओढत नव्हतो. खोलीचं दारही लावून घेत नव्हतो. आधी भार काढत होतो. त्याच्या डोक्यावरची ती तबकडी काढा. तिला दगडाचा खांब द्या, खांबाला मान नसते. आणि त्याला उन्हात राहू द्या. तीनशे वर्षं तुम्हाला ऊन मोजून दिलं त्यानं, आता स्वतःला घेऊ दे."



मग एक तज्ज्ञ उठला, चष्मेवाला. नम्रपणे म्हणाला, भावना समजते, पण तबकडी आणि पुतळा एकसंध ओतलेले आहेत. वेगळे करायला गेलं तर हात खाली येतील, पुतळा जाईल.

सिस्टरनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. "बापू, उठा."

मी उठलो. माझं इंग्रजी शॉपफ्लोअरवरचं. म्हटलं, "नो. टू पीस." कुणीतरी हसलं. माझं डोकं तापलं. टेबलावरचा कागदी रुमाल घेतला आणि पेनानं काढून दाखवलं. हे डोकं, ही तबकडी, हा सांधा. चार बोल्ट, वर शिसं ओतून बुजवलेत. टिचकी मारा, चार जागी आवाज भरीव येतो, बाकी पोकळ. हाताची सळई खांद्यात गेलीय, तबकडीत नाही. तबकडी काढली तर हात पडायचे नाहीत, उलट मान वाचेल. "आय मोल्डर," म्हटलं. "फॉर्टी इयर. यू गो, नॉक."

तज्ज्ञ काही बोलायच्या आत मागून आवाज आला. कॉलिन दाराशी उभा होता, बुटांना चिखल. "बरोबर सांगतोय तो. दर वसंतात मी पुतळा धुतो. तिथं सांध्याची रेघ आहे."

त्या दिवशी काही ठरलं नाही. इथं सभेत कधी काही ठरत नाही. ठरेपर्यंत म्हणून पुतळा तबकडीसकट भांडारात उचलून नेला. चौथरा रिकामा. दोन हिवाळे गेले. सिस्टर दर महिन्याला पत्र टाकायच्या, पिवळ्या पॅडवर, कार्बन घालून. उत्तर यायचं, 'आपला मुद्दा विचाराधीन आहे.' त्या उलट टपाली लिहायच्या, 'विचार चालू असताना ओझं कुणाच्या डोक्यावर आहे?' मंडळातली माणसं हसायची. "सिस्टर, अहो सोडा आता." सिस्टर म्हणायच्या, "धरलंय कुठं? ते त्याच्या डोक्यावर आहे."

त्या दोन वर्षांत त्यांचं कार्डिगन ढगळ झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, धुऊन वाढलं. एकदा मी त्यांच्यासारखंच त्यांचं मनगट धरलं.

"मोजता येते का नाडी तुम्हाला?"

"नाही."

"मग सोडा."

सोडलं. तेवढं मी सोडायला नको होतं.

मग एका सप्टेंबरात कॉलिनचा फोन, "या बघायला." माझ्या मुलानं आम्हाला गाडीनं सोडलं आणि तो गाडीतच ऑफिसच्या कॉलवर बसला. कॉलिन फाटकाशी उभा होता. महालाच्या मागच्या दारासमोर चौथऱ्यावर आता दगडाचा साधा खांब, त्याच्यावर तबकडी. कॉलिन आम्हाला पुढं घेऊन गेला, भिंतीआडच्या फळबागेत. तिथं सफरचंदांच्या झाडांमध्ये, चांगल्या उंच ओट्यावर, तो होता.

गुडघा टेकलेलाच. त्याला उभा कोण करणार, साचाच तसा. हात तसेच वर. पण हातांत काही नव्हतं. डोकं मोकळं, टाळूवर चार गोल खुणा, आणि त्याच्यावर ऊन. मान सरळ केली होती, नवी सळई घातली होती. मी मागं जाऊन बघितलं. सांधा बरा जमवला होता. माझ्याइतका नाही, पण बरा.

पाटी नवीन होती. सिस्टरनी चष्मा लावून पूर्ण वाचली. शेवटी लिहिलं होतं, 'ज्याच्यावरून हा घडवला त्याचं नाव कुणी नोंदवलं नाही.' हे वाक्य सिस्टरच्या पत्रातलं होतं. त्यांनी ते सात वेळा लिहिलं होतं, माझ्याकडे कार्बन आहेत.

त्या पुतळ्याजवळ गेल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी त्याच्या टाळूवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा, आणि काढून घेतला. "ऊन लागतंय," म्हणाल्या. बस.

कॉलिननं एक कागदी पिशवी आणली. आत सगळ्या चुंबळी होत्या. इरकली काठाची, युनिफॉर्मची, पहिल्या वर्षीचं लुगड्याचं फडकंसुद्धा, धुतलेलं. इतकी वर्षं त्यानं त्या हत्यारांच्या खोलीत खिळ्याला टांगल्या होत्या. म्हणाला, "फेकायला मला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त काढायला सांगितलं होतं." सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याचं मनगट धरलं, मान खाली घातली, मोजलं. "मीठ कमी कर," म्हणाल्या. त्या बाईचं आभार मानणं ते असं होतं.

त्यानं आम्हाला लाकडी पेटीभर सफरचंदं दिली. मी उचलायला वाकलो, तर माझी कंबर अर्ध्यात अडकली. कॉलिन चाकाची गाडी आणायला निघाला. तेवढ्यात सिस्टरनी पिशवीतून ते लुगड्याचं फडकं काढलं, पिळा दिला, गोल केलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. "उचलून द्या दोघं."

"सिस्टर, काहीतरीच काय. तुमचं वय काय, तब्येत काय. द्या इकडं."

"ओझं कुणाच्या डोक्यावर?" म्हणाल्या.

मी पेटीवर हात दाबून धरला, तर त्यांनीच उत्तर दिलं.

"माझ्या. आणि मी ठेवून घेतलंय. लावा हात."

दोघांनी लावला. पेटी चुंबळीवर बसली. त्यांनी एकदा मान तोलली, हात सोडून दिले आणि निघाल्या. मागच्या वाटेनं नाही. फळबागेतून बाहेर पडून त्या सरळ महालासमोरच्या मोठ्या रस्त्यावर आल्या, जिथून पूर्वी महालवाल्यांच्या बग्ग्या जायच्या. दोन्ही बाजूंना ती कातरलेली झाडं, ती वाजवणारी माकडं, ती लग्नाला निघालेली सिंहीण. मधून शेवंता सिस्टर, पायात पळायचे बूट, डोक्यावर सफरचंदं, पाठ ओळंब्यात. इंग्रज मंडळी आइस्क्रीम हातात धरून बाजूला होत होती. कुणी फोटो काढला नाही. काढायची छाती झाली नसावी.

फाटकाशी त्या थांबल्या. मान हलवायची सोय नव्हती.

"बापू, घड्याळ बघा. किती वाजले?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. घड्याळ माझ्याकडून उलटं. मला काही नीट कळेना. डोळ्यांत पाणी होतं म्हणून नव्हे, ते घड्याळच तसं असतं.

"तीन," म्हटलं अंदाजानं.

"चला मग," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मी मागून, दोन्ही हात रिकामे.